‘टाइमपास’ हा शब्द आधी परत घ्या

बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे, आणि थोडं तिखट लिहिणार आहे. आधीच सांगून ठेवते.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या इथे कुणीतरी धारच्या एका जुन्या लग्नाचा फोटो टाकला. काळापांढरा, कडा खाल्लेला. मांडवातलं लांब टेबल आणि त्यावर रुखवत. ताटाभोवतीची क्रोशाची महिरप, ट्रेचे रुमाल, तोरण, बाटलीला घागरा घालून केलेली बाहुली, आणि उजव्या कोपऱ्यात पांढरा क्रोशाचा राजहंस. दोनशेच्या वर बदाम पडले फोटोला. खाली एका भाऊंनी लिहिलं, “काय त्या बायका! वेळच वेळ होता त्यांच्याकडे.” त्यावर आणखी कुणी, “हो ना, टाइमपास म्हणून किती सुंदर करायच्या.” आणि त्यावरही बदाम.

तो राजहंस माझ्या आईने केलेला आहे.

आईला फोन दाखवला. तिने चष्मा लावून हंस मोठा करून पाहिला. मान वाकडी झाली होती म्हणे, साखरेचा पाक पातळ पडला होता. मग खालचं वाचलं. “वेळ होता म्हणे,” एवढंच म्हणाली आणि डाळ निवडायला बसली.

आता मी सांगते, किती वेळ होता ते.

आमचे पणजोबा धारच्या पवारांच्या संस्थानात कारकून होते. पुढे आजोबांनी नोकरीपायी बिऱ्हाड धामनोदला हलवलं ते आजपर्यंत इथेच आहे. आई लग्न होऊन आली तेव्हा घरात अकरा माणसं. पहाटे बंब, मग चहा, मग दोन वेळचा स्वयंपाक, मधे धुणं, पाणी भरणं, सासूबाईंचं सोवळं, वर्षाचे पापड-कुरडया, आणि आम्ही तिघं. क्रोशाची सुई बाहेर निघायची ती दूध तापत ठेवल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, आणि रात्री सगळे झोपल्यावर चाळीसच्या पिवळ्या बल्बखाली. तो वेळ नव्हता हो. झोपेतून कापून काढलेला तुकडा होता तो. आणि तो तुकडाही स्वतःसाठी नाही, नणंदेच्या, पुतणीच्या, शेजारणीच्या मुलीच्या रुखवतासाठी. आईने स्वतः मोजलंय, तेवीस लग्नांत तिचं काम मांडलं गेलं. दोऱ्याच्या गुंडीचे पैसे कधी मिळाले, कधी नाही. कामाचे तर प्रश्नच नाही.

आणि याच बाईला महेश्वरला माहेरवाशिणींबरोबर नर्मदेवर स्नानाला जायचं असलं की बसभाड्याचे पैसे बाबांकडे मागावे लागायचे. बाबा देत असत, वाईट नव्हते. पण मागावे लागायचे.

हे मी का उकरून काढते आहे? कारण तीच गोष्ट माझ्यासोबत झाली. आणि त्याहून वाईट म्हणजे तीच गोष्ट मी दुसरीसोबत केली.

ऑक्टोपस कुठून आला

2020 च्या लॉकडाऊनमध्ये भाची आमच्याकडे अडकली. शाळा मोबाइलवर. एक दिवस समुद्रातल्या प्राण्यांचा धडा झाला आणि तिने हट्ट धरला, मला ऑक्टोपस पाहिजे. धामनोदमध्ये! मे महिना, बाहेर लू चाललेली, ए. बी. रोड सुनसान. आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे खलघाटच्या पुलाखालची नर्मदा. माईचं वाहन मगर, ते आम्हाला ठाऊक. ऑक्टोपस कोण पाहणार? पण क्रोशाची सुई घरात होती, आणि आईचे हात होते. मी मोबाइलवर जपानी पद्धतीच्या विणलेल्या खेळण्यांची चित्रं पाहिली. आमिगुरुमी म्हणतात त्यांना. आई म्हणाली, यात काय नवीन आहे, मुका खांबच तर आहे, फक्त गोल गोल फिरायचं.

खरंच तेवढंच आहे. बोटाभोवती दोऱ्याचा फास करून त्यात 6 मुके खांब घालायचे आणि फास ओढून मधलं भोक बंद करायचं. पुढच्या फेरीत 12, मग 18, मग 24, 30, 36. मग दहा फेऱ्या 36 वरच सरळ, म्हणजे डोकं उंच होतं. मग घटवत 30, 24, 18, आणि आत फायबरचा कापूस ठासायचा. पाय आठ. प्रत्येकाला 40 ची साखळी, आणि परत येताना साखळीच्या प्रत्येक टाक्यात दोन-दोन मुके खांब, म्हणजे पाय आपोआप जिलबीसारखा वळतो. पहिला ऑक्टोपस एका बाजूला कलंडलेला झाला. भाचीने त्याला तीन दिवस खाली ठेवलं नाही.

मग कासव झालं, देवमासा झाला, जेलीफिश झाला. शेजारणीने पाहिलं, तिने नातवासाठी मागितला. मग इंदूरच्या मावशीने. मग महिला मंडळात बोभाटा झाला. सगळे म्हणत, “किती गोड गं!” आणि घेऊन जात. पहिल्या वर्षात मी चाळीस-एक खेळणी दिली. विकली नाहीत. दिली. मलाही बरं वाटत होतं. आपलं कौतुक होतंय ना.

पंचवीस ऑक्टोपस

2022 च्या दिवाळीनंतर एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. नाव घेत नाही, आपल्यातल्याच आहेत. नातवाचा वाढदिवस, मुलांना परतभेट द्यायची आहे, पंचवीस ऑक्टोपस हवेत. “लोकर मीच आणून देते. तुला नगामागे ऐंशी देईन. घरबसल्या तुझाही टाइमपास होईल.”

मी हो म्हटलं. दोन हजार रुपये! नवऱ्याला सांगताना छाती फुगली होती.

तीन आठवडे लागले. मनगट सुजलं. शेवटचे सहा तर मी रात्री दोनपर्यंत बसून केले. ऑक्टोपस गेले, फोटो आले, सगळ्यांनी वाहवा केली. आणि मग एका दुपारी मी सहज मंडीच्या पावतीच्या मागे हिशेब मांडला. मी हायस्कूलात गणित शिकवायची हो, लग्नाआधी. तरी हा हिशेब मांडायला मला अडीच वर्षं लागली.

डोक्याचे टाके 558. एका पायाचे 40 आणि 78 मिळून 118, आठ पायांचे 944. एकूण 1,502 टाके. पंचवीस ऑक्टोपसचे साडेसदतीस हजार. मिनिटाला दहा टाके धरले, उसवणं धरलंच नाही, तरी एका नगाचे अडीच तास फक्त सुईचे. कापूस भरणं, आठ पाय शिवून बसवणं, डोळे काढणं याचा आणखी दीड तास. चार तास एका नगाला, म्हणजे पंचवीसला शंभर तास. काकूंनी लोकर दिली होती, पण कापूस, दोरा, डोळे माझे, नगामागे तीस रुपये. दोन हजारांतून साडेसातशे गेले. उरले साडेबाराशे.

शंभर तासांचे साडेबाराशे. तासाला साडेबारा रुपये.

आमचं थोडं शेत आहे. निमाडात आपल्याकडे पांढरं सोनं म्हणतात तो कापूस. त्या वर्षी वेचणीला येणारी बाई दिवसाला तीनशे घेत होती, आणि ते कमीच आहेत असं मी आजही म्हणेन. आठ तास धरले तर तासाला साडेसदतीस. म्हणजे झाडावरचा कापूस तोडण्याचे साडेसदतीस, आणि त्याच कापसाचा दोरा झाल्यावर त्यातून डोळे-पाय असलेला जीव उभा करण्याचे साडेबारा. का? कारण ती शेतात उभी राहून काम करते आणि मी पंख्याखाली बसून. तिचं ते काम. माझा टाइमपास.

आता माझी चोरी

इथपर्यंत वाचून तुम्ही माझ्या बाजूने झाला असाल तर थांबा.

त्या पंचवीस ऑक्टोपसचे पाय मी एकटीने केले नव्हते. आमच्याकडे भांडी करायला येणाऱ्या बाईंची मुलगी, दहावी झालेली, घरी बसलेली. हात चांगला. तिला मी साखळी आणि मुका खांब शिकवला होता, आणि दोनशेच्या दोनशे पाय तिच्याकडून करून घेतले. पायाला दोन रुपये. मीच ठरवला होता भाव. आणि देताना काय म्हणाले माहीत आहे? “तुझाही टाइमपास होतो ना गं.”

एका पायाला बारा मिनिटं. तासाला पाच पाय. तासाला दहा रुपये. काकूंनी मला दिले त्याहूनही कमी मी तिला दिले. चाळीस तास बसली ती पोर, चारशे रुपयांत.

तेव्हा जो कुणी समजत असेल की मी काकूंवर खार खाऊन लिहिते आहे, त्यांनी ऐकावं. काकू वाईट नाहीत. त्या सोसायटीतल्या बिल्डरशी पैशापैशाला भांडतात, आणि माझ्याशी त्या जे वागल्या तेच मी त्या मुलीशी वागले. दोघींच्या तोंडी एकच शब्द होता. भाव पाडायचं हत्यार आहे तो शब्द. आपण तो इतक्या प्रेमाने वापरतो की समोरचीला लागलेलंही कळत नाही.

हे आपण शोधून काढलेलं नाही

आंध्रात गोदावरीच्या काठाला नरसापूर आहे. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती लेस जहाजं भरभरून परदेशी गेली. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून त्या बायकांवर पुस्तक लिहिलं, 1982 मध्ये आलं. त्यांनी काय पाहिलं? बायका घरात बसून दिवसाचे कितीतरी तास लेस विणतात, व्यापारी त्यावर श्रीमंत होतात, आणि विचारलं की सगळे सांगतात, या तर गृहिणी आहेत, फावल्या वेळात करतात. शेतावर मजुरी करणाऱ्या बायकांना त्या लेसवाल्यांपेक्षा जास्त पैसे मिळत होते. पण लेसवाल्या स्वतःला वरच्या समजत, कारण आम्ही उंबऱ्याच्या बाहेर जात नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. उंबऱ्याच्या आतला तो मान आपणही ओळखतो की नाही? “आमच्या सुना बाहेर जात नाहीत, घरीच काहीबाही करतात.” त्या ‘काहीबाही’ची किंमत त्या मानातूनच वळती होते.

आणि हे कायमचं असंच असतं असंही नाही. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं तगवली. तिथे त्याला कुणी टाइमपास म्हणालं नसणार. पोटाला लागलं की तीच सुई धंद्याची होते.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आमच्या धामनोदहून महेश्वर अर्ध्या तासावर. अहिल्यादेवींनी विणकर आणून वसवले, किल्ल्याच्या दगडावरची नक्षी साडीच्या काठावर आली, आणि मधे मरत चाललेला हातमाग सत्तरच्या दशकाच्या शेवटी रेहवा संस्थेने पुन्हा उभा केला, तोही मुख्यतः बायकांच्या हातांवर. आज आपण पाहुण्यांना घेऊन महेश्वरला जातो, माग पाहतो, “काय कारागिरी आहे!” म्हणतो आणि साडीला हजारो मोजतो. तिथे कुणी विणकराला म्हणतं का, “सूत मी आणून देते, तू बसल्या बसल्या विणून दे, तुझाही टाइमपास होईल”? दोरा तोच, बोटं तीच, पाठीचं दुखणं तेच. फरक एवढाच की मागाला खोली लागते आणि सुई पदराला खोचता येते.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे

एक: “बाजारात दीडशेला मिळतो की ऑक्टोपस, फॅक्टरीचा.”

मिळतो. पण तो कापडाचा शिवलेला असतो. क्रोशाचा असेल तर नीट ऐका. स्वेटर मशीनवर निघतो, मोजा निघतो, लेससारखं दिसणारं कापडही निघतं. पण असा गोल फिरत विणलेला क्रोशाचा प्राणी कारखान्यात मशीनवर निघत नाही. सुई आत घालणं, दोरा ओढणं, पुढचा टाका शोधणं हे हातानेच होतं. म्हणजे दीडशे रुपयांत क्रोशाचं खेळणं दिसलं तर ते मशीनने स्वस्त केलेलं नाही. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी घरात, कुणा बाईच्या तासाला काहीच मिळालेलं नाही, म्हणून ते स्वस्त आहे. तिच्याशी मला स्पर्धा लावू नका.

दोन: “आवडीने करतेस ना, मग पैसे कसले?”

आपल्या इंदूर-देवासकडच्या गवयांना आवड नव्हती का? देवासला राहून कुमार गंधर्वांनी आयुष्य गाण्यात घातलं, म्हणून त्यांना कुणी फोकटात बोलवावं असं आपण म्हणतो का? आवड असली की काम चांगलं होतं. चांगल्या कामाची किंमत कमी करायची ही कुठली रीत?

तीन, आणि हे मला सर्वांत जास्त लागतं: “आपल्या आज्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. प्रेमाने केलं.”

हे खरं आहे. आणि प्रेम होतं, मी नाकारत नाही. मावसबहिणीच्या बाळासाठी मी आजही कासव करते आणि एक पैसा घेत नाही. पण भेट ती, जी द्यायची की नाही हे देणारी ठरवते. आईला तेवीस रुखवतांपैकी एकालाही ‘नाही’ म्हणायची सोय होती का? जिला नाही म्हणता येत नाही तिने दिलेल्या वस्तूला प्रेमाची भेट म्हणणं घेणाऱ्याला सोयीचं पडतं, एवढंच. आणि आज्यांनी पैसे घेतले नाहीत म्हणून त्या सुखी होत्या असं मानणाऱ्यांनी आपापल्या आजीला एकदा विचारावं. ज्यांना अजून विचारता येतं त्यांनी.

चार: “खेळणं तर आहे, त्यात एवढं काय!”

डेन्मार्कमध्ये 2013 पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी असे सुती ऑक्टोपस विणून देण्याची चळवळ सुरू झाली. कल्पना अशी की बाळाच्या मुठीत त्याचे वळलेले पाय आले की नळ्या ओढण्याऐवजी ते त्यालाच धरून राहतं. औषध नाही ते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा बाळाजवळ काहीही ठेवायचं नसतं. पण त्याचे नियम पाहा: शंभर टक्के सूत, पाय ताणून 22 सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये, 60 अंशाच्या पाण्यात धुता आलं पाहिजे, कुठूनही कापूस बाहेर येता कामा नये. हे खेळ नाहीत. मीसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लॅस्टिकचे डोळे लावत नाही, दोऱ्याने काढते, कारण डोळा निघाला तर घशात जातो. हे सगळं शिकावं लागतं. जबाबदारी असते त्यात, आणि जबाबदारीचे पैसे असतात.

सरकारलाही कळलं, आपल्याला नाही

मंडळी, आणखी एक गोष्ट जी आपल्या बऱ्याच जणींना माहीत नाही. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात खेळणी विकायची तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का लागतो. कारखान्यांना लागतोच. पण हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणजे कायद्याने ‘कारागीर’ म्हणून तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं आहे. हस्तकलेच्या निर्यातीच्या हिशेबात तर भरतकाम आणि क्रोशाच्या वस्तूंचा वेगळा रकानाच असतो.

पण त्या दारातून आत जायला आधी स्वतःला कारागीर म्हणावं लागतं. अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात आपण काय लिहितो? गृहिणी. मी स्वतः दोन वेळा ‘गृहिणी’ लिहून खोडलं आहे. हात अडखळतो, खोटं बोलल्यासारखं वाटतं. इतकं खोल गेलंय ते.

मग आता काय

आता माझा भाव असा आहे, उघड सांगते. दोरा, कापूस, डोळे 120. पायाचे त्या मुलीला दहा रुपये प्रत्येकी, म्हणजे 80. माझे अडीच तास, तिच्याच दराने, 125. डबा, बिघाड, धाडणं 50. झाले 375. मी चारशेला देते. ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये, मला राग नाही. मलाही सगळं परवडत नाही.

पहिल्या महिन्यात एकही गेला नाही. खोटं सांगणार नाही. काकूंनी मंडळात सांगितलं, ही आता पैशाला हपापली. हळदीकुंकवाला दोघी-तिघी बोलल्या नाहीत. मार्चमध्ये चाळीसची मागणी आली होती, शंभर रुपयांनी. मी नाही म्हटलं, आणि रात्रभर झोप नाही आली, चार हजार सोडले म्हणून. मग हळूहळू नऊ गेले. महेश्वरला एका दुकानात चार ठेवलेत. महिन्याला पंधरा-सोळा जातात आता. यातून बंगला होत नाही. पण त्या मुलीने गेल्या पावसाळ्यात बारावीचा खाजगी फॉर्म स्वतःच्या पैशाने भरला, आणि माझ्याशी भाव करते आता. “ताई, जेलीफिशचे पाय लांब असतात, त्याचे पंधरा.” दिले पंधरा. बरोबर होतं तिचं.

तेव्हा मंडळी, माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. कुणाच्या हातचं विणलेलं आवडलं तर आधी विचारा, किती तास लागले? भाव त्यानंतर. जी विणते तिने एकदा, फक्त एकदा, आपले टाके मोजावेत आणि कागदावर मांडावेत. मग फुकट द्यायचं असलं तरी द्यावं, पण माहीत असताना द्यावं. आणि आपण स्वतः कुणाकडून पाय करून घेत असू, फॉल-पिको करून घेत असू, पापड लाटून घेत असू, तर तिचाही कागद मांडावा. त्याची सुरुवात दुसऱ्यांपासून करू नका. मी केली होती, म्हणून सांगते.

आई अजून पैसे घेत नाही. मी वाद घालणं सोडलंय. यंदा देवासला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, रुखवतासाठी तिला हंस मागितला. शहात्तराव्या वर्षी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, तिने केला. पाक या वेळी घट्ट केला, मान सरळ राहिली. देताना तिने हंसाच्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली: ‘एकोणीस संध्याकाळी’. खाली स्वतःचं नाव. व्याह्यांकडच्या एकींनी विचारलं म्हणे, हे कशाला? आई म्हणाली, “असू द्या.”

त्या जुन्या फोटोवरचं ते वाक्य काढा असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी ते लिहिलं त्यांनी, आणि ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्या सगळ्यांनी, त्याच्याखाली लिहावं की ते काम कुणी केलं होतं. नाव आठवत नसेल तर घरात विचारा. सांगणारं कुणीतरी अजून असेल.